तुमच्या वेळचा सेंट

पुण्यात पन्नाशीच्या अलीकडची-पलीकडची चार माणसं एकत्र बसली की गप्पांची वाट ठरलेली असते. आधी शाळेतल्या सरांच्या नकला, मग कोणाची मुलं कुठल्या देशात याची हजेरी, मग गुडघे. गुडघ्यांनंतर अलीकडे हटकून सेंट येतो. ‘ए, चार्ली आठवतो?’ असं कोणीतरी विचारतं आणि टेबलाभोवती एकदम भाविक शांतता पसरते. चार्ली, ब्रूट, ओल्ड स्पाइस, जोव्हान मस्क, ब्लू लेडी, यार्डलीचं लॅव्हेंडर. एकेका नावाला डोळे मिटले जातात, एकेका नावाला ‘आहाहा’ होतं. इथवर माझी तक्रार नाही. या वयात माणसाला थोडं हळवं व्हायची मुभा असावी. तक्रार त्यानंतर जे सुरू होतं त्याची आहे. हे स्मरण कधीच नुसतं स्मरण राहत नाही. पाहता पाहता त्याचं आरोपपत्र होतं आणि आरोपी ठरतात विशीतली पोरं.

आरोपपत्र मला आता पाठ आहे. आमच्या वेळी माणसाचा एक सेंट असायचा, तो माणूस तो बदलायचा नाही. जिन्यात वास आला की कोण येऊन गेलं ते कळायचं. ते सुगंध खरे होते, फुलांचे होते. आता सगळं केमिकल. सकाळी लावलेला दुसऱ्या दिवशीही शर्टाला यायचा. आताचा दुपारच्या डब्यापर्यंतही टिकत नाही. आम्ही लावायचो ते बेतानं, लग्नामुंजीला. ही पोरं जिमला वेगळा, ऑफिसला वेगळा, रात्रीला वेगळा लावतात. टेबलावर सहा बाटल्या, शिवाय त्या पाच-पाच मिलीच्या नळ्या, त्यात ते दुबईचे उग्र प्रकार, डोकं उठतं. निष्ठा नाही, संयम नाही, स्वतःची ओळख नाही. थोडक्यात, सुगंधाची जाण आमच्या पिढीबरोबर आली आणि आमच्याबरोबरच चालली.

मी याच पिढीतली, याच शहरात वाढलेली. आणि मला हे आरोपपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अमान्य आहे.

निष्ठेपासून सुरुवात करू, कारण तिचाच तोरा सगळ्यात मोठा. आमच्याकडे एकच बाटली होती, कारण दुसरी मिळत नव्हती. १९९१च्या आधी परदेशी प्रसाधनं सरळ मार्गानं दुकानात येत नसत. देशी बनावटीच्या, मद्यार्क असलेल्या प्रसाधनांसाठी १९५५चा वेगळा उत्पादन शुल्क कायदा होता. म्हणजे सरकारच्या लेखी सेंट हा दारूचा चुलतभाऊ. ‘फॉरेनचा सेंट’ यायचा तो मस्कतच्या काकांच्या बॅगेतून, नाहीतर कॅम्पातल्या एखाद्या दुकानातून, जिथे भाव विचारताना आवाज आपोआप खाली यायचा. आल्यावर ती बाटली कुठे राहायची? गोदरेजच्या कपाटात, शालूंच्या मागे, खोक्यासकट. वर्षातून दोनदा-तीनदा बाहेर निघायची. काही वर्षांत आतलं पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं, वासातला पहिला ताजा भाग उडून जायचा, खाली उरायचं ते आंबूस आणि जड. तरी आम्ही ते मनगटाला लावायचोच, कारण टाकायचं कसं? रेशनवर एकाच जातीचा तांदूळ मिळायचा म्हणून आपण त्या तांदळाशी एकनिष्ठ होतो असं अजून कोणी म्हटलेलं ऐकलं नाही. सेंटच्या बाबतीत मात्र टंचाईला निष्ठा म्हणायची पद्धत पडली आहे.

आणि ही बाटलीसुद्धा किती घरांत होती? पेठांतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, सोमवार पेठेतल्या रेल्वेच्या क्वार्टरांत, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत वाढलेल्या मुलांचा ‘सेंट’ म्हणजे टाल्कम पावडर. मानेवर पांढरे पट्टे, घामानं त्यांचे ओघळ, आणि गणितात पैकीच्या पैकी मिळाले तर वाढदिवसाला सुगंधी खोडरबर. आज जे ‘आपला चार्ली’ म्हणतात त्यांतल्या बहुतेकांनी चार्ली दुसऱ्याच कुणाच्या तरी मानेवरून हुंगलेला आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग ‘आपल्या पिढीचा सुगंध’ असं म्हणताना त्या पिढीत कोण कोण धरलं आहे, एवढं तरी सांगा. डेक्कनच्या बंगल्यातली आठवण सगळ्या शहराच्या नावावर कशी काय चढते?

आता ओळख. जिन्यात वास आला की माणूस कळायचा म्हणे. कोणता माणूस? १९९७च्या सुमाराला स्पिन्झ आला, १९९९ला अ‍ॅक्स आला, आणि त्यानंतरच्या कोणत्याही कॉलेजच्या पुरुष प्रसाधनगृहासमोरून गेलेल्याला मी काय म्हणते ते कळेल. डझनभर मुलं, एक डबा, एकच धुकं. त्या धुक्यातून कोण कोणता हे त्यांच्या आईलासुद्धा सांगता आलं नसतं. वाड्यात माणूस वासानं ओळखू यायचा हे खरं, पण तो सेंटमुळे नव्हे. कोणाकडे घासलेटचा स्टोव्ह, कोणाकडे विड्यांची थप्पी, कोणाकडे आजोबांचं निलगिरी तेल, त्यावरून. त्या वासांची आठवण कोणी काढत नाही, कारण त्यांची जाहिरात टीव्हीवर लागत नव्हती.

‘एका माणसाचा एक सुगंध’ हीच मुळात आपल्याकडची रीत कधी होती? जुन्या अत्तरवाल्यापुढे बसून बघा. तो आधी दिवस कोणते चाललेत ते बघतो. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब. पहिल्या पावसाच्या सुमाराला मिट्टी. थंडीत हिना आणि शमामा, कारण ते अंगात ऊब आणतात अशी समजूत. अत्तरदाणीला कप्पे असतात ते शोभेला नव्हे. आणि फुलांचं काय? चैत्रात मोगऱ्याचा गजरा माळणारी बाई पुढे श्रावणात सोनचाफा आणि भाद्रपदात केवडा माळते म्हणून तिला कोणी चंचल म्हटलं आहे का?

याहून जुना पुरावा हवा असेल तर तोही पुण्यातच आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत परशुराम कृष्ण गोडे १९१९पासून क्युरेटर होते. या माणसाला कशाचं वावडं नव्हतं. पोथ्या चाळता चाळता त्यांनी भारतातल्या सुगंधी द्रव्यांच्या इतिहासावर लेखांमागून लेख लिहिले, आणि गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’ हा ग्रंथ उजेडात आणला. त्याच्यासोबत ‘गंधवाद’ नावाचा दुसरा ग्रंथ आहे आणि त्यावरची टीका चक्क मराठीत आहे. कित्येक शतकांपूर्वीच्या मराठीत, सुगंध कसा बनवायचा याची चर्चा! पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं हे दोन्ही छापले. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. सुगंधी पाणी वेगळं, मुखवास वेगळा, तेल वेगळं, उटणं वेगळं, धूप वेगळा. एकाच माणसाच्या एकाच दिवसात हे सगळं मावायचं. त्याच्याही कित्येक शतकं आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर अख्खा अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांची प्रमाणं बदलत किती सुगंध होतील याचा हिशोब त्यानं मांडला आणि आकडा काढला: १,७४,७२०. आणि आमच्या मंडळींना सहा बाटल्या खुपतात.

म्हणजे परंपरा मोडली कोणी? आजच्या पोरांनी की कपाटात कुलूपबंद एका बाटलीला जन्मभराची सोबत समजणाऱ्या आम्ही? कोथरूडमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, चौघांनी वर्गणी काढून घेतलेली महागडी बाटली पाच-पाच मिलीत वाटून घेणारा, कुठला वास पावसाळ्यात कुबट होतो आणि कुठला उन्हात फुलतो यावर तासभर वाद घालणारा मुलगा वराहमिहिराच्या जास्त जवळ आहे. त्याला वराहमिहिर माहीत नसेल. आम्हाला तरी कुठे माहीत होता?

आता सगळ्यात लाडका आरोप: तेव्हाचं खरं, आताचं केमिकल. हे वाक्य फार पटकन तोंडातून बाहेर पडतं, म्हणून ते जरा सावकाश तपासू. टोंका बियांतला गोडसर, वाळल्या गवताचा वास म्हणजे कूमरीन. ते विल्यम पर्किननं १८६८ साली प्रयोगशाळेत बनवलं. १८८२ साली पॅरिसच्या ऊबिगाँ कंपनीनं ते वापरून ‘फुजेर रोयाल’ काढलं आणि पुरुषांच्या सेंटचं एक अख्खं घराणं त्यातून सुरू झालं. पुण्यात ‘केसरी’ सुरू झाला १८८१ला. म्हणजे सेंटमधलं केमिकल ‘केसरी’पेक्षा जेमतेम एका वर्षानं धाकटं आणि सार्वजनिक गणेशोत्सवापेक्षा थोरलं. ज्याच्या नावानं डोळे मिटले जातात तो ब्रूट, १९६४चा, त्याच घराण्यातला आहे. १९३८चा ओल्ड स्पाइस काय किंवा १९७३चा चार्ली काय, नुसत्या फुलांतून यातलं काहीही निघालेलं नाही. आमची तरुणाई शंभर टक्के कारखान्यातून आली होती. ती फुलांतून आली असं वाटतं कारण बाटलीवर फुलाचं चित्र होतं.

त्यात कमीपणा काय आहे हेही मला कळत नाही. केमिकल म्हटलं की नाक मुरडणारं हे शहर पाषाण रस्त्यावरून रोज ये-जा करतं. तिथे १९५०पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे. तिथल्या सुगंधी तेलांच्या विभागात शशांकचंद्र भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखेतून मिळणाऱ्या आम्लापासून कस्तुरीच्या जातीचे गंध देणारी संयुगं तयार केली. कस्तुरीसाठी हरीण मारावं लागतं, लाखेसाठी नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कस्तुरीमृगाला संरक्षण मिळालं. त्याच्या आधीच पाषाणमध्ये पर्याय शोधणं चालू होतं. आणि मुंबईत १९२२ साली सुरू झालेली एस. एच. केळकर कंपनी? एका मराठी घराण्यानं उभा केलेला हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या सुगंधी मिश्रणं बनवतो आहे. त्याच घराण्याच्या ट्रस्टच्या मुलुंडमधल्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्र शिकवलंही जातं. आपण ज्याला लहानपणचा साधासुधा वास म्हणतो, साबणाचा, उदबत्तीचा, केसांच्या तेलाचा, त्यामागे कुठेतरी ऍप्रन घातलेला एक रसायनशास्त्रज्ञ तराजूवर थेंब मोजत उभा होता. त्याचे आभार मानायचे सोडून त्याच्या नातवंडांना ‘सगळं केमिकल’ म्हणून हिणवायचं?

तरी एक गोष्ट मान्य करते. जुन्या नावाची बाटली आज विकत घेतली तर पुष्कळदा तो वास येत नाही. सूत्रं बदलली आहेत. काही ठिकाणी पैसे वाचवायला, हेही खरं. पण उरलेलं कारण ऐकून घ्या, कारण ‘तेव्हाचा टिकायचा’ या बढाईचं उत्तर त्यातच आहे. दुसऱ्या दिवशीही शर्टाला चिकटून राहणाऱ्या त्या जड गोडव्यात नायट्रो-मस्क म्हणवणाऱ्या द्रव्यांचा हात मोठा होता. आल्बर्ट बाउर या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्यांतलं पहिलं सापडलं ते १८८८ साली, स्फोटकांवर काम करताना. त्यांतल्याच मस्क अ‍ॅम्ब्रेटनं उन्हात गेलेल्या पुरुषांच्या दाढीच्या जागी चट्टे उठू लागले, मज्जासंस्थेवरचे दुष्परिणाम दिसले, आणि १९९५मध्ये युरोपनं ते बंद केलं. लिलीच्या फुलासारखा वास देणारं लिलिअल २०२२मध्ये गेलं. म्हणजे ज्या टिकाऊपणाचे गोडवे गाता तो अनेकदा कातडीवर प्रयोग करून मिळवलेला होता. तो गेला याचं सुतक मला नाही.

आणि बाटली बदलली तेवढीच नाकंही बदलली, हे कोण सांगणार? अमेरिकेत रिचर्ड डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली जवळपास दोन हजार लोकांची घ्राणशक्ती तपासली. विशी ते चाळिशी हा नाकाचा बहर, आणि ६५ ते ८० या वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांना वास नीट येत नव्हता. चष्म्याचा नंबर वाढला तर आपण हल्लीची अक्षरं बारीक छापतात असं म्हणतो खरं, पण निदान गमतीनं म्हणतो. सेंटबाबत मात्र गंभीरपणे.

याहून मोठी फजिती पुढे आहे. स्वीडनमधल्या योहान विलँडर आणि मारिया लार्सन या संशोधकांनी २००६मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तीन प्रकारांनी जाग्या करून पाहिल्या: शब्द सांगून, चित्र दाखवून आणि वास देऊन. शब्द-चित्रांनी आठवलं ते मुख्यतः अकरा ते वीस या वयातलं. वासानं आठवलं ते दहा वर्षांच्या आतलं. आता तो टेबलावरचा प्रसंग पुन्हा पाहा. कोणीतरी चार्लीचं नाव घेतो, कोणीतरी मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवतो, आणि सगळ्यांना कॉलेज आठवतं. साहजिकच! शब्द झाला, चित्र झालं, वास आहे कुठे? तुमच्या पौगंडावस्थेच्या सुगंधाला तुम्ही हुंगलेलंच नाही. तुम्हाला आठवते आहे ती जाहिरात.

नाकाची खरी मुळं बघायची तर बाटलीपेक्षा खूप मागे जावं लागतं. नरक चतुर्दशीची पहाट, अंगाला कचकच करणारं उटणं, त्यातला नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, वाळा, आणि वर्षातून त्याच आठवड्यात घरात येणारी मोती साबणाची ती गोल, जाडजूड वडी. थंडीत कुडकुडत, अर्धवट झोपेत नाकात शिरलेला तो वास पन्नास वर्षांनी कुठल्याही बाथरूममध्ये माणसाला थेट परकरात किंवा चड्डीत उभं करतो. त्याला नाव लागत नाही, फोटो लागत नाही. त्याच्यापुढे ब्रूट म्हणजे काल आलेला पाहुणा. आणि हे उटणं आजच्या पोरांनी टाकून दिलेलं नाही. दिवाळीच्या आधी तुळशीबागेत जाऊन बघा, तिथे उटण्याच्या पुड्या घेणाऱ्यांत विशीतले चेहरे असतात. घरी त्याच टेबलावर, त्या सहा बाटल्यांशेजारी ती पुडी राहते.

संयमाच्या गोष्टी तर आमच्या पिढीनं करूच नयेत. एरोसोलचा डबा हलवून बगलेपासून बॅगेपर्यंत सगळ्यावर फवारा मारणारे आम्हीच. आणि तो डबा आम्हाला कसा विकला गेला ते आठवतंय का? पोरानं एक फवारा मारला की बायका भान हरपून त्याच्यामागे धावायच्या. हे वर्षानुवर्षं घराघरांत, सातच्या बातम्यांच्या आगेमागे चाललं. शेवटी २०११मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला अशा जाहिरातींना आवर घाला म्हणून जाहिरात मानक परिषदेला सांगावं लागलं. त्या शाळेत शिकलेल्यांची मजल २०२२मध्ये कुठवर गेली? शॉट नावाच्या स्प्रेच्या जाहिरातींत सामूहिक बलात्काराच्या धमकीवर विनोद केला गेला आणि सरकारनं त्या काढायला लावल्या. ज्या निरागस सुगंधकाळाची आठवण काढून तुम्ही उसासे टाकता, त्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी मुलींना काय समजलं होतं, हे एकदा त्या काळातल्या मुलींना विचारा.

आणि त्याच्या मागे गेलं तरी संयम सापडत नाही. पेशव्यांच्या दरबारात निरोपाच्या वेळी अत्तर-गुलाब आणि विडे द्यायचा रिवाज होता. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या आठवणींत शालूंबरोबर अत्तराचा उल्लेख टळत नाही. आपल्याच बोलण्यात ‘बूंद से गई वो हौद से नहीं आती’ ही म्हण आहे. त्यामागची गोष्ट अशी: सांडलेला अत्तराचा एक थेंब बोटानं टिपताना बादशहा दिसला, आणि ती लाज झाकायला दुसऱ्या दिवशी त्यानं अख्खा हौद अत्तरानं भरला. हौद भरणाऱ्यांचा वारसा सांगायचा आणि पोरीनं दोन फवारे मारले की डोकं उठतं म्हणायचं, हे जमवायला खास पुणेरी ताकद लागते. लिफ्टमध्ये कोणी अर्धी बाटली ओतून आलं तर मलाही शिंका येतात. पण असा माणूस साठीचाही असतो. पिढीचा गुन्हा म्हणून त्याची नोंद कशाला?

‘दुबईचे उग्र प्रकार’ या शब्दप्रयोगाकडेही जरा बघायला हवं. उग्र म्हणजे नेमकं काय? हिना उग्र नाही? केवडा उग्र नाही? गणपतीत ज्या घरात केवडा येतो तिथे शेजारच्यालाही कळतं, आणि तेव्हा सगळे ‘वा!’ म्हणतात. ऊद म्हणून जे दुबईच्या बाटलीत येतं ते मूळ आपल्या ईशान्येकडच्या अगर वृक्षाच्या रोगट लाकडातून निघतं. आसाममधल्या होजाईचे हाजी अजमल अली १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत येऊन त्याचा व्यापार करू लागले आणि त्यांचं नाव आखातात पोहोचलं. म्हणजे हा वास परदेशी नाही, परतलेला आहे. तो लॅव्हेंडरइतका सभ्य वाटत नसेल, तर दोष वासाचा आहे की तो लावणाऱ्या माणसांबद्दलच्या तुमच्या समजुतींचा, हे ज्याचं त्यानं तपासावं. या शहरात कोणाच्या अंगाचा वास ‘दरवळ’ आणि कोणाच्या अंगाचा ‘भपकारा’, हे नाकानं क्वचितच ठरवलं आहे. आडनावानं, पेठेनं आणि धंद्यानं ठरवलं आहे.

आता त्या आठवणीतली माझी सगळ्यात मोठी अडचण. ‘आम्ही बेतानं लावायचो’ म्हणताना हा बेत कोण ठरवायचं ते सांगितलं जात नाही. मुलग्यानं सेंट लावला तर तो ऐटबाज. मुलीनं लावला तर ‘सेंट मारून निघाली, कोणासाठी?’ हा प्रश्न आमच्यातल्या एकीलाही चुकलेला नाही. वडिलांसमोरून जाताना श्वास रोखून आपलाच वास लपवणं ही आमच्या तरुणपणाची कसरत होती. घरात निर्धोक चालायचं ते फक्त कोलनवॉटर, आणि तेही ताप आल्यावर, कपाळावरच्या घडीपुरतं. चांगल्या घरच्या मुलीनं सुगंधी व्हायचं असेल तर आजारी पडावं.

आणि लग्न झालं की? हळदीकुंकवाला अत्तर लागायचं. यजमानीण हातावर फाया फिरवत ओळीनं जायची, मागून गुलाबदाणी शिंपडली जायची. पण ज्या घरात हे चालायचं त्याच घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी, एखादी आत्या किंवा आजी उभी असायची आणि तिच्या हातापर्यंत तो फाया यायचा नाही. नवरा गेलेल्या बाईला गजरा नाही, अत्तर नाही, सुगंधी तेलसुद्धा नाही. तिच्याकडून वास यावा तो फार तर भस्माचा नाहीतर चुलीचा. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली याच शहरात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेल्यावर, ४ मे २०२२ रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला आणि मग राज्य सरकारनं इतर गावांना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एवढी ताजी ही गोष्ट आहे. सुगंध लावण्याचा हक्क या समाजात कायम नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेला होता, आणि आम्ही मात्र त्या काळाकडे बघून म्हणतो, काय साधेपणा होता!

जुना सुगंध आवडतो म्हणा, मी अडवणार नाही. चार्लीची बाटली मिळाली तर आणा, मीही हुंगून बघेन. पण आमच्या काळात सुगंधाची जाण होती आणि आता उतरण लागली असं म्हणू नका, कारण ते खरं नाही. आमच्या काळात टंचाई होती, ती आम्हाला निष्ठा वाटली. पहारा होता, त्याला आम्ही संयम म्हणालो. कारखान्यात बनलेला वास फुलांचा समजलो आणि टीव्हीनं शिकवलेली हाव निरागस मानली. हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये बसलेली चोवीस वर्षांची मुलगी स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नाकानं निवडून, सोमवारी वाळा आणि शुक्रवारी ऊद लावते. कोणासाठी, असं तिला विचारायची कोणाची टाप नाही. या शहरातल्या बाईला हे याआधी कधी एवढ्या सहज करता आलेलं नव्हतं. तिच्या टेबलावर सहा बाटल्या आहेत म्हणून ज्यांचं डोकं उठतं, त्यांनी आधी एवढं सांगावं की त्यांच्या आजीच्या फडताळात एकही कुपी का नव्हती.